पाणी जातंय कुठं?

खंबाटकी घाटात, चढ संपायला दोन वळणं बाकी असताना टेम्परेचरचा काटा हलला. आमच्या गाडीचा काटा कसा, एकदा मध्यावर आला की मुक्काम पोस्ट तिथेच. त्या दिवशी मात्र तो आधी जरासा आणि मग चांगलाच वर सरकला. मी गाडी डावीकडे घेऊन बंद केली. बोनेट उघडलं, आत सगळं फुरफुरत होतं. रेडिएटरच्या झाकणाकडे माझा हात जाणार तेवढ्यात मागच्या सीटवरून उतरलेले बाबा ओरडले, "हात लावू नकोस! भाजशील. अर्धा तास तरी थांब."

मग त्यांनी डिकीतून पाण्याचा पाच लिटरचा कॅन काढला. कॅन तयारच होता. मला वाटलं, काय दूरदृष्टी आहे. पण अडीच लिटर पाणी आत गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस हे नेहमी करतोय.

डिसेंबर २०२३ ची ही गोष्ट. आईचे केमोचे सायकल चालू होते, दर तीन आठवड्यांनी एक. बाबा तिला साताऱ्याहून पुण्याला आणायचे, केमो झाल्यावर दोन दिवस माझ्या फ्लॅटवर मुक्काम आणि मग परत. येताना बोगदा लागायचा, परतताना घाट चढावा लागायचा. म्हणजे गाडीची परीक्षा नेमकी आई सगळ्यात दमलेली असतानाच. त्या दिवशी ती कठड्याच्या सावलीत स्कार्फ गुंडाळून पाऊण तास बसली होती. एकदाही कुरकुरली नाही. कुरकुरली असती तर बरं वाटलं असतं.

"कॅब करा" असं मी पहिल्या सायकलपासून सांगत होतो. एकदा केलीही. पण कॅबमध्ये लटकवलेल्या त्या सेंटच्या बाटलीने आईला शिरवळपर्यंतच दोनदा उलटी झाली. केमोत वासांचं असंच होतं म्हणे. फोडणी नको, अगरबत्ती नको, माझा डिओसुद्धा नको. त्यामुळे आपली गाडी ती आपली गाडी. २००८ ची पेट्रोल हॅचबॅक, एक लाख चौदा हजार किलोमीटर पळालेली. त्याच वर्षी ग्रीन टॅक्स भरून बाबांनी तिची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून आणली होती. विकायचा विषय काढला की त्यांचं उत्तर ठरलेलं, "चाळीस हजार येतील. त्यात काय घेणारेस?"

इथे एक कबुली देतो. माझी डिग्री मेकॅनिकलची आहे. थर्मोडायनॅमिक्समध्ये चांगले मार्क होते. पण कॅम्पसमधून आयटीत गेलो तो गेलोच. मी आतून पाहिलेलं शेवटचं इंजिन म्हणजे कॉलेजच्या लॅबमधलं, मधोमध कापून लाल-पिवळा रंग दिलेलं. तरी घाटातल्या त्या पाऊण तासात मी ठरवून टाकलं, हा प्रश्न मीच सोडवणार. बग कसा शोधायचा ते मला कळतं. पगारच त्याचा मिळतो.

साताऱ्याला पोचल्यावर बाबांना विचारलं, "किती दिवस पाणी घालताय?" ते आत जाऊन खिशातली डायरी घेऊन आले. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस, पाण्याची नोंद ठेवणार नाही तर काय? प्रत्येक ओळीत तारीख, किलोमीटर आणि शेवटी 'पाणी ½ लि.' पहिली नोंद जून २०२२ ची. त्यांच्या मिस्त्रींनी सांगितलं होतं, "साहेब, जुनी गाडी हाय, जरा पाणी पिणारच." बाबांना ते पटलं होतं. जुनी माणसंही पाणी पितात.

रात्री बसून मी सगळ्या नोंदी शीटमध्ये भरल्या. बाजार, बँक, शाहूपुरीतल्या मावशीकडे, असल्या चकरांत पाणी जवळजवळ जात नव्हतं. पुण्याची फेरी झाली की अर्धा ते पाऊण लिटर गायब. ग्राफ काढल्यावर मला फार शहाणं झाल्यासारखं वाटलं. लांबचा प्रवास, चढ, इंजिनावर लोड, खाली कुठेही थेंब नाही. म्हणजे हेड गॅसकेट.

हेड गॅसकेट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली पातळ चकती. ती एका बाजूला कंबशनचा दाब आणि दुसऱ्या बाजूला कूलंट अशी दोन्हींना धरून असते. ती फुटली की कूलंट सिलिंडरमध्ये जातं आणि वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. पाणी जातं, पण पडत कुठेच नाही. माझ्या डेटाला हे असं चपखल बसत होतं की बास. पुण्यातल्या एका गॅरेजवाल्यांनीही दोन मिनिटं ऐकून तेच सांगितलं, "हेड उतरवावं लागेल. बावीस हजार धरून चाला." बाबा म्हणाले, "बघू." त्यांच्या भाषेत बघू म्हणजे नाही.

मग मी ऑनलाइन टेस्ट किट मागवलं. एका नळीत निळं द्रव असतं. रेडिएटरच्या तोंडावर ती नळी बसवून, इंजिन चालू ठेवून, वरची हवा त्यातून खेचायची. गॅसकेट फुटलं असेल तर जळलेल्या वायूंमधला कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळतो आणि निळं द्रव पिवळं होतं. आमचं निळंच राहिलं. दुसऱ्यांदा केलं, तरी निळंच. तिसऱ्यांदाही केलं, कारण आपल्या थिअरीविरुद्ध निकाल आला की आधी टेस्टच चुकलीय असं वाटतं. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ, कुठे दुधासारखा फेस नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. गॅसकेट निर्दोष सुटलं.

रेडिएटरचं झाकण बदललं. ते दिसतं साधं, पण त्यात दोन व्हॉल्व्ह असतात. गरम झाल्यावर दाब मर्यादेबाहेर गेला तर एक व्हॉल्व्ह कूलंट बाजूच्या बाटलीत सोडतो आणि थंड झाल्यावर दुसरा ते परत आत ओढून घेतो. या सिस्टिमला दाब मुद्दामच लागतो. हवेच्या दाबापेक्षा एक बार जास्त ठेवला की साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी सुमारे १२० डिग्रीला उकळतं. म्हणूनच बारीक भोक थंड गाडीत हूं का चूं करत नाही. दाब चढला की मग ते बोलतं. डायरीतल्या पुण्याच्या फेऱ्यांचा अर्थ घाट किंवा लोड नव्हता, नुसता दाब होता. पण हे मला नंतर सुचलं. झाकण बदलूनही पाणी जातच होतं. होज पाइप कोरडे, क्लिपा कोरड्या, वॉटर पंपाखालचं बारीक भोकही कोरडं.

जानेवारीत पुढच्या केमोला आले तेव्हा मी प्रेशर टेस्टर घेऊन ठेवला होता. सायकलच्या पंपाचा भाऊच तो, वर एक मीटर. झाकणाच्या जागी बसवायचा आणि थंड इंजिनातच हाताने दाब भरायचा. रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक बार भरला आणि दहा मिनिटं थांबलो. काटा ०.८ वर. परत भरला, परत ०.८. लीक आहे हे नक्की झालं. गाडीखाली पुठ्ठे अंथरले होते. एकावरही ठिपका नाही. बाबा टॉर्च घेऊन खाली वाकले, मी वरून बघत होतो. आम्ही दोघं जवळजवळ तासभर त्या इंजिनाकडे टक लावून पाहत होतो.

आई कोवळं ऊन घ्यायला खाली आली होती. दुसरीकडे बसायला जागा नव्हती, म्हणून गाडीचं डावं दार उघडून तिच्या नेहमीच्या सीटवर बाहेर पाय सोडून बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "आत्ता पण येतोय बघ तो वास. काकवीसारखा."

माझ्या तोंडून सवयीने निघालं, "अगं, ते केमोमुळे."

निघालं आणि मी तसाच थांबलो.

कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं आणि त्याला गोडसर वास येतो. ही गोष्ट मला माहीत होती. गेल्या तीन आठवड्यांत दहा व्हिडिओंमध्ये ऐकली होती. आईने हा वास मला ऑक्टोबरमध्ये सांगितला होता. नोव्हेंबरमध्ये बाबांना सांगितला, तेव्हा ते म्हणाले डिकीत गुळाची ढेप होती त्याचा असेल. मी तर तिला केमोमध्ये वास आणि चव कशी बदलते यावरचा लेखही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. तिने तो वाचून डॉक्टरांनाही सांगितलं, "मला गाडीत बसलं की काकवीचा वास येतो." त्यांनी फाइलमध्ये लिहून घेतलं. ऑफिसमध्ये 'युजरची चूक' म्हणून तिकीट बंद करणाऱ्यांना मी किती नावं ठेवतो! हे तिकीट मी तीनदा बंद केलं होतं.

"पाय ओले होतात का गं तुझे इथे?"

"होतात की. थंडीत सॉक्स दमट होतात. यांना म्हटलं तर म्हणाले एसीचं पाणी."

"मग असतंच एसीचं," बाबा खालून म्हणाले.

"बाबा, एसी कधी लावला होता शेवटचा?"

गाडीखालून उत्तर आलं नाही. दिवाळीनंतर एसी लावलाच नव्हता, आईला सोसायचा नाही.

मी पायाखालची मॅट काढली, तिच्याखालच्या कार्पेटचं टोक वर केलं आणि आईने दिलेला टिश्यू दाबला. ओला झाला. एसीचं पाणी नुसतं पाणी असतं. हे बोटांना बुळबुळीत लागत होतं. रंग जेमतेम हिरवट, कारण दीड वर्षं त्यात बाबा पाणी ओतत होते. मूळ कूलंट उरलं होतं तरी किती! वास मला अगदी नाक लावल्यावर आला. आईला तो सीटवर बसून येत होता.

हीटरसाठी डॅशबोर्डच्या मागे छोटा रेडिएटर असतो. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला हीटर कॉइल म्हणतात. आमच्या गाडीत हीटर बंद असला तरी इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरतच राहतं, फक्त हवेची फळी बंद होते. तो झिरपत होता, थेंब थेंब, आणि सगळं कार्पेट पीत होतं. बाहेर पडणार काय?

खात्री अजून बाकी होती. इंजिनाकडून हीटरला जाणारे दोन होज सुटे केले आणि पाइपाच्या एका तुकड्याने एकमेकांना जोडून हीटर सर्किटमधूनच बाद केला. कोडमध्येही असंच करतो आपण. संशयित भाग बाजूला काढायचा आणि बघायचं. परत एक बार भरला. दहा मिनिटं, वीस मिनिटं. काटा हलला नाही.

आई सगळं बघत होती. म्हणाली, "म्हणजे माझं नाक ठीक आहे?"

"एकदम ठीक."

"मला वाटलं, आता हे पण गेलं." आणि ती हसली. तिला तसं हसताना पाहून बाबांनी टॉर्च बंद केला आणि उगाच पुठ्ठे गोळा करायला लागले.

मला त्या रात्री झोप आली नाही. ग्लायकॉल पोटात गेलं तर विष आहे. वाफेचं काय, ती चार महिने आत बसत होती, असलं सगळं वाचत पडलो. सकाळी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकलं, तिचे रिपोर्ट पुन्हा पाहिले आणि काळजीचं कारण दिसत नाही म्हणाले. शेवटी विचारलं, "मग फाइलमधली ती नोंद काढायची का?"

कॉइल साताऱ्याच्या मिस्त्रींनीच बदलली. डॅशबोर्ड उतरवायला अख्खा दिवस गेला, खर्च सात हजाराच्या आत. जुनी कॉइल त्यांनी बाबांच्या हातात दिली. कोपऱ्यात खाल्ल्यासारखं झालं होतं आणि आत पांढरा थर, आमच्या बोअरच्या पाण्याने बाथरूमच्या नळांवर बसतो तसाच. कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात. नुसतं पाणी, तेही क्षारांचं, भरत गेलं की ती पातळ होत जातात आणि धातू उघडा पडतो. पहिलं भोक कशाने पडलं कुणास ठाऊक, पण पुढचा हातभार बोअरचाच असणार. त्यावर मी मनात एक भाषण तयार केलं होतं. बाबा कॉइल उन्हात फिरवून फिरवून बघत होते. मी ते भाषण केलं नाही. त्यांनी खिशातून डायरी काढली, तारीख घातली आणि लिहिलं, 'कॉइल नवी. पाणी बंद.'

फेब्रुवारीत शेवटचं सायकल झालं. परतताना गाडी मीच चालवत होतो. घाटाच्या निम्म्यात आई एकदम म्हणाली, "काहीतरी जळतंय."

मी जागा बघून लगेच गाडी बाजूला घेतली. बाबा थांबायच्या आधीच दार उघडून उतरले. बोनेट उघडलं. बाटलीत कूलंट खुणेवर, हिरवंगार. होज बघितले, खाली वाकून बघितलं, मॅटखाली हात घातला. कोरडं. काटा मध्यावर.

पुढच्या वळणावर उसाचा एक लादलेला ट्रक मुंगीच्या पावलांनी चढत होता. वारा फिरला आणि त्याच्या क्लचचा जळका वास आमच्याही नाकात शिरला.

"मी आपल्या गाडीचा म्हणाले होते का?" आई आतून म्हणाली. "चला आता, बसा."