वाचलेला वेळ कुणाचा?

मंडळी, या वीकेंडचा विषय जरा तेलकट आहे. म्हणजे अगदी शब्दशः. कितीही साबण लावला तरी नखांतून अजून कटिंग ऑइलचा वास येतोय.

माझी डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी पुण्यात, जावाची. ही जमात केवढी मोठी आहे ते हिंजवडीतल्या कुठल्याही कँटीनमध्ये बसून मोजता येईल :-) पण लातूरला गेलं की डिग्री आठवते, कारण तिथे एमआयडीसीत माझ्या मामांचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक जुनं ड्रिल मशीन आणि कर्ज काढून घेतलेलं एक सेकंडहँड व्हीएमसी, म्हणजे कंप्युटरच्या हुकमावर धातू कापणारं उभं मशीन. गिऱ्हाईक बहुतेक डाळ मिल आणि ऑइल मिलवाले. फ्लँज, पुली, कपलिंग, बेअरिंग हाऊसिंग असली कामं. लातूरचा बाजार तुरीचा आणि सोयाबीनचा, त्यामुळे ऐन सीझनमध्ये मिल थांबली की मालक फोन वगैरे करत नाही, तुटलेला पार्ट घेऊन थेट दारात उभा राहतो.

मागच्या महिन्यात गेलो तेव्हा मामा म्हणाले, "अरे, तू दिवसभर कंप्युटरपुढंच बसतोस ना? मग आमच्या त्या कॅमचे चार शॉर्टकट सांग की. प्रोग्रॅमिंगचं पोरगं सकाळपासून माऊस हलवूलालंय अन् मशीन आपलं उभंच."

ज्यांचा या प्रकाराशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅडमध्ये पार्टचं चित्र काढतात. कॅम त्या चित्रावरून कटर कुठून कसा फिरवायचा तो रस्ता ठरवतं, म्हणजे टूलपाथ. मग पोस्ट प्रोसेसर नावाचा तुकडा त्या रस्त्याचं तुमच्या मशीनला कळणाऱ्या जी कोडमध्ये भाषांतर करतो. आपल्या भाषेत सांगायचं तर चित्र हा सोर्स कोड, कॅम हा कंपायलर आणि जी कोड म्हणजे असेंब्ली. गंमत म्हणजे हे सगळं मुळात शॉर्टकट म्हणूनच जन्माला आलं. १९५२ साली एमआयटीत आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं गेलं, पण त्याचे आकडे माणसांनी बसून काढायचे म्हणजे कापण्यापेक्षा हिशेबालाच वेळ जास्त. म्हणून डग्लस रॉस यांच्या गटाने एपीटी नावाची भाषा केली. डावीकडे जा, उजवीकडे जा अशा धाटणीच्या इंग्रजी शब्दांत लिहायचं, आकडे कंप्युटर काढणार. १९५९ साली ती जगाला दाखवली तेव्हा त्या पद्धतीने कापलेले अॅल्युमिनियमचे अॅशट्रे आठवण म्हणून वाटले होते!

असो. मामांच्या प्रश्नाकडे येऊ.

आपल्याकडे नियम आहे, आधी मोजा मग सुधारा. म्हणून शनिवारी दिवसभर वही आणि मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन मशीनशेजारी स्टूल टाकून बसलो. संध्याकाळी वही पाहिली तर मामांच्या शंकेत अर्धंच तथ्य निघालं. पोरगं माऊस हलवत होतं हे खरं, पण कीबोर्डचे शॉर्टकट शिकून दिवसाकाठी काही मिनिटंच वाचली असती. (तरी सांगून ठेवतो. बहुतेक कॅममध्ये आपल्याला हव्या त्या कमांडला हवी ती की देता येते. रोजच्या वापरातल्या दहा कमांड डाव्या हाताखाली घ्या, उजवा हात माऊसवरून उचलूच नका.) खरा वेळ गळत होता तो भलतीकडेच.

पहिली गळती हवेत. एका गोल प्लेटला २४ होल मारायचे होते. ड्रिलिंगच्या सायकलमध्ये आर प्लेन नावाची एक उंची असते. ड्रिल तिथपर्यंत झपकन येतं आणि तिथून पुढे सावकाश, कापायच्या वेगाने उतरतं. ती उंची सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून २५ मिलिमीटर होती, ३ सुद्धा चालली असती. म्हणजे प्रत्येक होलला २२ मिलिमीटर ड्रिल नुसतं हवा कापत उतरणार. फीड मिनिटाला १०० मिलिमीटर, म्हणजे होलमागे १३ सेकंद. २४ होलची सव्वापाच मिनिटं. अशा ४० प्लेटा होत्या, म्हणजे साडेतीन तास! एक आकडा बदलायचा होता. त्याच्या जोडीला जी९८ ऐवजी जी९९ वापरलं की एका होलवरून दुसऱ्यावर जाताना ड्रिल पूर्ण वर न जाता आर प्लेनपर्यंतच उठतं. फक्त वाटेत क्लॅम्प असेल तिथे जी९८च ठेवा, नाहीतर वाचलेले साडेतीन तास ड्रिल आणि क्लॅम्प मिळून वसूल करतील.

लातूरकरांना गळती समजावून सांगावी लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणलेलं हे गाव. मोठा नळ सगळ्यांच्या डोळ्यावर येतो, थेंब थेंब गळणारा येत नाही. हिशेब सांगितल्यावर मामा एवढंच म्हणाले, "म्हणजे आमची टाकी खालूनच फुटकी होती म्हण की."

दुसरी गळती टूल बदलण्यात. एका पार्टला पाच टूल लागत असतील आणि तीन पार्ट एकामागून एक केले तर पंधरा वेळा टूल बदलणार. टेबलावर तिन्ही एकदम बांधायचे, त्यांना जी५४, जी५५, जी५६ असे तीन शून्यबिंदू द्यायचे आणि एका टूलचं काम तिन्हींवर उरकून मगच पुढचं टूल घ्यायचं. बदल पंधराचे पाचवर येतात. बांधाबांध एकदाच होते आणि ऑपरेटरला मध्ये चहा प्यायला वेळ मिळतो, हा बोनस.

तिसरी गळती नोटपॅडमध्ये. प्रोग्रॅम संपल्यावर टेबल पुढे यावं, पार्ट काढायला सोपं जावं, म्हणून आमचा प्रोग्रॅमर प्रत्येक फाइल उघडून शेवटी एक ओळ हाताने टाकायचा. प्रत्येक फाइल, रोज. अशा हाताने टाकलेल्या ओळीत एकदा टिंब राहिलं की काय होतं ते वर्कशॉपवाल्यांना सांगायला नको. पोस्ट प्रोसेसर बऱ्याच कॅममध्ये साध्या टेक्स्ट फाइलसारखा उघडता येतो. जी ओळ तुम्ही दुसऱ्यांदा हाताने लिहिताय ती तिथे एकदाच घाला, विषय संपला. (आधी जुन्या पोस्टची कॉपी ठेवा. इंजिनियर आहात.)

चौथी गोष्ट रफिंगची. १२ मिलिमीटरचा कटर २ मिलिमीटर खोल आणि ७ मिलिमीटर रुंद नेण्याची जुनी पद्धत. त्यात कटरचं फक्त टोक झिजतं, वरची धार कोरी राहते. नव्या कॅममध्ये अॅडॅप्टिव्ह किंवा डायनॅमिक नावाचा टूलपाथ असतो. तो २० मिलिमीटर खोल, पण रुंदीला जेमतेम १.२ मिलिमीटर घेतो आणि कोपऱ्यातही कटरवरचा भार वाढू देत नाही. हिशेब करा, १४ चौरस मिलिमीटरच्या जागी २४. शिवाय चिप पातळ निघते म्हणून फीडही वाढवता येतो. जुनं मशीन असेल तर एकदम एवढ्यावर जाऊ नका, निम्म्याने सुरू करून आवाज ऐकत वाढवा.

इथपर्यंत सगळं छान. मामा खूश, मी खूश. पण खरी मेख पाचव्या गोष्टीत निघाली, आणि हा लेख लिहायचं कारणही तेच.

पाचवी गोष्ट म्हणजे टेम्प्लेट आणि टूल लायब्ररी. आमच्या कॅममधली लायब्ररी कंपनीने दिलेली होती तशीच होती, शेकडो टूल, त्यातली रॅकवर असणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मग प्रोग्रॅमर दर वेळी टूल शोधणार, फीड आणि स्पीड टाइप करणार. पण हे आकडे तो आणायचा कुठून? पुस्तकात सूत्र आहे. कटिंग स्पीडला हजाराने गुणा आणि पाय गुणिले व्यासाने भागा. १२ मिलिमीटरचा कार्बाइड कटर, स्पीड मिनिटाला १२० मीटर, म्हणजे साधारण ३१८० आरपीएम. हे झालं पुस्तक. हे मशीन अमुक आरपीएमच्या वर थरथरतं, त्या दुकानाचं मटेरियल आतून कडक निघतं, लांब कटर घेतला तर फीड तिसऱ्या हिश्शाने कमी करायचा... हे सगळं एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं. मिस्त्रींच्या डोक्यात.

मिस्त्री मामांकडे माझ्या लहानपणापासून आहेत. मशीनचा आवाज ऐकून, पाठमोरे उभे राहून सांगतात की कटर गेला. आणि गेल्या काही वर्षांत मामांकडे तीन प्रोग्रॅमर येऊन गेले. तिघेही मिस्त्रींना विचारून विचारून शिकले आणि शिकल्यावर एक चाकणला, एक भोसरीला, एक वाळूजला गेला. त्यांचं काय चुकलं? मी तरी कुठे लातुरात राहिलोय! पण प्रत्येक जण जाताना आकडे डोक्यात घेऊन गेला आणि पुढच्याने पहिल्यापासून सुरुवात केली. मामांचा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला होता, स्टॉपवॉचमध्ये न येणारा.

त्यावर उपाय जुना आहे आणि तो आपल्या शेजारीच घडलाय. गोदरेजमधून निघालेल्या जिओमेट्रिक या कंपनीचं कॅमवर्क्स नावाचं सॉफ्टवेअर आहे. (ही कंपनी २०१७ मध्ये एचसीएलने घेतली.) पुण्यातले माझ्यासारखेच कितीतरी मेकॅनिकलवाले या कंपनीत होते. सॉफ्टवेअरची मुख्य कल्पना अशी की पार्टमधले होल, खाचे ते आपोआप ओळखतं आणि अशा होलला तुमच्या वर्कशॉपमध्ये काय करतात ते एका डेटाबेसमध्ये बघतं. म्हणजे हुशारी त्या डेटाबेसमध्ये, आणि तो भरायचा कुणी? तर मिस्त्रींनी. दुसऱ्या कॅममध्येही टेम्प्लेटच्या रूपाने हे करता येतंच.

मी उत्साहाने मिस्त्रींसमोर लॅपटॉप उघडला. म्हटलं, मिस्त्री, तुम्ही फक्त सांगा, मी भरतो. त्यांनी शांतपणे हात पुसले आणि म्हणाले, "भाचेसाहेब, हे समदं त्या डब्यात भरलं की मग मला कोण विचारणार?"

काय उत्तर देणार? ऑफिसात आपण याला नॉलेज ट्रान्सफर म्हणतो आणि केटी घेणारे-देणारे दोघंही जाणतात की देणाऱ्याचं पुढे काय होतं. तिथे निदान तीन महिन्यांचा पगार असतो.

मी तिथून उठलो आणि मामांशी बोललो. मामांचं म्हणणं, त्यांना काढणार थोडंच आहे! मी म्हटलं, ते तुम्हाला माहीत आहे, त्यांना तुम्ही कधी सांगितलंय का? रात्री जेवणं झाल्यावर दोघं बोलले. मी मध्ये पडलो नाही. मिस्त्रींनी दोन गोष्टी मागितल्या. शिकवण्याचे तास हे कामाचे तास धरायचे. आणि मशीनचा जो वेळ वाचेल त्यात लगेच नवं काम घुसवायचं नाही, आधी सीझनमधली रविवारची पाळी बंद करायची. मामा थोडे कुरकुरले. कर्जाचा हप्ता रविवार बघत नाही हे त्यांचंही खरंच आहे. शेवटी महिन्यातले दोन रविवार यावर तोडगा निघाला.

आता पॉलिटेक्निक झालेली एक मुलगी नव्याने लागली आहे, औशाहून एसटीने येते. रोज दुपारी तासभर ती आणि मिस्त्री मॉनिटरपुढे बसतात. लायब्ररीत सध्या रॅकवरची टूल तेवढीच ठेवली आहेत, आणि प्रत्येकाच्या शेऱ्याच्या रकान्यात मिस्त्रींचं वाक्य मराठीत. एक मी वाचलं, "आवाज बदलला की आधी फीड कमी कर, मग विचार." ही मुलगीही उद्या जाईल कदाचित. मामांना वाटतं हरंगुळला रेल्वे कोच कारखाना झालाय, २०२० च्या डिसेंबरात तिथून पहिल्या डब्याचा सांगाडाही निघाला, आता पोरं गावात थांबतील. बघू. पण ती गेली तरी शेरे राहतील, आणि मिस्त्री ते रोज वाढवताहेत. दोन रविवारचा शब्द किती टिकतो ते मात्र सोयाबीन बाजारात आल्यावर कळेल. मी तेव्हा फोन करून विचारणार आहे, मामांना नाही, मिस्त्रींना.

जाता जाता तुम्हाला एक विचारतो. तुमच्या ऑफिसात दोन तासांचं काम दहा मिनिटांत करणारी एखादी स्क्रिप्ट तुम्हीही कधीतरी लिहिली असेल. ती मॅनेजरला दाखवली होती का? :-)

असो. पुढच्या शनिवारी भेटू.