बर्लिनला निघण्यापूर्वी

चि. मेघना,

विद्यार्थ्यांच्या बर्लिन सहलीचा तुझा आठवड्याचा कार्यक्रम वाचला. संसद, भिंत, संग्रहालयं आणि वर पॉट्सडामसुद्धा! निम्मी ठिकाणं गाळ. एवढ्या थोड्या दिवसांत मुलं शहर शिकत नाहीत. तू त्यांना जिथे थांबवशील, तेवढंच शिकतात.

बेबेलप्लाट्झ मात्र गाळू नकोस. हम्बोल्ट विद्यापीठासमोरचा हा चौक. फरसबंदीत बसवलेली एक काच तिथे आहे, पण पटकन नजरेत भरत नाही. काचेखाली पांढऱ्या, रिकाम्या फडताळांची खोली, २०,००० पुस्तकं मावतील एवढी. मिखा उलमन यांचं हे स्मारक १९९५ मधलं.

आधी काहीही सांगू नकोस. आपल्याला माहिती द्यायची भारी हौस! मुलांना काच सापडू दे, वाकून पाहू दे, तर्क लढवू दे. मग सांग, की १० मे १९३३ च्या रात्री इथे पुस्तकांची होळी झाली. बेत आखला होता विद्यार्थ्यांच्याच संघटनेने. त्याच दिवशी आल्फ्रेड बॉयम्लर या प्राध्यापकांनी विद्यापीठात आपलं पहिलं व्याख्यान दिलं आणि मग तेही विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीत चालले. लेखक एरिश केस्टनर गर्दीत उभे राहून आपलीच पुस्तकं जळताना पाहत होते.

एवढं सांगून एकच प्रश्न विचार, ‘तुमच्या लाडक्या सरांनी हातात मशाल दिली असती, तर?’ उत्तर तिथल्या तिथे मागू नकोस. रात्री जेवणानंतरचा एक तास त्यासाठी राखून ठेव. जी मुलं चारचौघांत बोलत नाहीत, त्यांना आधी वहीत लिहू दे. बोलणं ‘जर्मन लोक किती क्रूर’ इथेच अडकलं, तर जानेवारी २००४ मध्ये पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या झालेल्या नासधुशीची आठवण करून दे. दोन्ही एकाच मापाने मोजू नकोस. साम्य काय, फरक काय, ते मुलांनाच शोधायला लाव.

परतल्यावर कॉलेज फोटो मागेल, ते दे. पण महिन्याभराने त्या वह्या पुन्हा उघडायला लाव. कुणाचं मत बदललं, कुणाचं पक्कं झालं, ते तेव्हाच कळेल.

आणि एखाद्या मुलीने उलट विचारलं, ‘मॅडम, तुम्ही तिथे प्राध्यापक असता, तर काय केलं असतं?’ तर विषय बदलू नकोस. जे खरं वाटतं, ते सांग.

तुझ्या जुन्या बाई