आप्तवाक्य आणि जुनी गाडी

मनुष्य मडके घेताना वाजवून पाहतो, सोने घेताना कसास लावतो. परंतु जुने वाहन घेण्याचा प्रसंग आला म्हणजे वाहन बाजूस ठेवून विकणाराच्या तोंडाकडे पाहत बसतो. हा दोष आम्ही लोकांस लावीत नाही. तरुणपणी ‘तर्कसंग्रह’ मुखोद्गत केलेल्या आमच्याच हातून तो घडता घडता राहिला. म्हणून ही हकीकत वाचकांपुढे ठेवतो.

पाताळगंगेच्या काठचे आपटा हे आमचे गाव. घर एकत्र, चूल एक. धाकट्या बंधूंच्या सूनबाईंनी पोह्यांचे पापड, कोकमाचे आगळ आणि आंबोशी यांचा लहानसा धंदा घरातच मांडला. प्रथम माल आगगाडीने पनवेलीस जाई. पुढे आगगाडीच्या आणि गिऱ्हाइकांच्या वेळा जुळेनात, आणि भाड्याचा टेम्पो नफा खाऊ लागला. तेव्हा एखादी जुनी मालवाहू गाडी घ्यावी असे ठरले. पैका कोठून आणावा हा प्रश्न आला तेव्हा थोरल्या वहिनींनी आपली मुदतठेव मोडून दिली. दादा गेल्यापासून त्यांची स्वतःची म्हणावी अशी तेवढीच पुंजी होती. हा व्यवहार फसता तर केवळ पापडांचा धंदा बसला असता असे नव्हे. एका पंक्तीत बसणारी माणसे एकमेकांकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागली असती.

कोणती गाडी घ्यावी हे मालावरून ठरते, आवडीवरून नव्हे. २००५ साली टाटांनी ‘एस’ ही गाडी काढली. तिलाच लोक ‘छोटा हत्ती’ म्हणतात. तिचा उघडा हौदा भाजीस व विटांस उत्तम. पण आमच्या कोकणच्या पावसात पापड घेऊन जाणाराने बंद पाठीची व्हॅनच घ्यावी. मारुतीची ओम्नी २०१९ साली बनावयाची थांबली, तरी जुन्या बाजारात ती मिळते. २०१० साली आलेली ईकोही मिळते. एकूण वजन ३,००० किलोंच्या आत असलेल्या मालवाहू गाडीस परवान्याची, म्हणजे परमिटाची, गरज नाही, हाही लहान धंद्यास एक दिलासा आहे.

पेणकडच्या आमच्या एका आप्तांची अशीच एक व्हॅन विकाऊ होती. ते म्हणाले, “अण्णा, घरचीच गाडी समजा. दसऱ्यापूर्वी घेऊन जा.” आपटा गावी राहून दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी दारी यावी, यासारखा योग कोणता? आम्ही इसाराची रक्कम खिशात घालून निघालो होतो. इतक्यात सूनबाई हळूच म्हणाल्या, “अण्णा, आधी एकदा मिस्त्रीस दाखवू या. दोष नसेल तर त्यात कोणाचा अपमान?” आम्हांस ते बोलणे रुचले नाही, परंतु वहिनीही काही न बोलता आमच्याकडे पाहत होत्या, म्हणून आम्ही कबूल झालो.

मिस्त्रींनी पहाटेच जावयाचे ठरविले. कारण तापलेले इंजिन आपले रोग झाकते, थंड इंजिन ते उघड करते. न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचे अनुमान करतात. हे गृहस्थ धुराच्या रंगावरून रोगाचे निदान करीत. निळसर धूर म्हणजे तेल जळते, काळा म्हणजे इंधन अधिक जाते, पांढरा दाट धूर गाडी तापल्यावरही सरेना म्हणजे थंडाव्याचे पाणी आत शिरते. मीटरवरचा आकडा कमी आणि पायाखालच्या पेडलचे रबर गुळगुळीत, तर आकड्यावर विश्वास ठेवू नये. टायरच्या कडेवर चार अंक असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हे सर्व त्या गाडीत ठीक निघाले, आणि आम्ही सूनबाईंकडे किंचित विजयी मुद्रेने पाहिले.

मग मिस्त्रींनी आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढला. टोकाशी मातीची सरळ रेघ होती. आसनाखालचे स्क्रू गंजलेले, आणि स्टेपनीखालच्या कपारीत वाळलेला गाळ. ते म्हणाले, “मास्तर, ही गाडी पुरात बुडून आलेली आहे. आज चालेल, पण आतल्या तारा हळूहळू कुजतील.” २००५ च्या जुलैत मुंबई बुडाली, २०२१ च्या जुलैत चिपळूण, अशा वेळी पाण्याखाली गेलेली वाहने पुढे धुऊन पुसून बाजारात येतात. आमच्या आप्तांनीही ती दुसऱ्याकडूनच घेतली होती. ते खोटे बोलले असे आम्ही म्हणत नाही. त्यांस ठाऊकच नव्हते.

येथेच आमचे शास्त्र आम्हांस आठवले. मराठीत आप्त म्हणजे नातलग. परंतु न्यायभाष्यकार वात्स्यायनांच्या मते, ज्याने वस्तू स्वतः पाहून जाणली आहे आणि ती जशी आहे तशी सांगण्याची ज्यास इच्छा आहे, तो आप्त. इच्छा होती, ज्ञान नव्हते. म्हणून ते वाक्य प्रमाण नव्हते. त्या सकाळी खरे आप्त तेलकट हातांचे मिस्त्रीच होते.

दसरा गाडीवाचून गेला. कार्तिकात पनवेलच्या एका किराणा दुकानदाराची व्हॅन पाहिली. त्यांनी आपण होऊन सांगितले, “क्लच झिजला आहे, त्याचे पैसे कापून घ्या,” आणि दुरुस्तीच्या पावत्यांची चळत पुढे ठेवली. आम्ही नोंदणीपत्रावरील इंजिन व चासीचे क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहिले, कर्जाचा बोजा नाही याची खात्री केली, आणि विमा व योग्यता प्रमाणपत्र तपासले. हे प्रमाणपत्र गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर २ वर्षांनी व पुढे दरवर्षी घ्यावे लागते. माल भरून कर्नाळ्याचा चढ चढून पाहिला, नमुना २९ व ३० वर सह्या घेतल्या, आणि मगच पैसे दिले.

पेणचे आप्त रुसले ते दिवाळीस आले नाहीत. यंदा दसऱ्यास आम्हीच आपट्याची पाने घेऊन त्यांच्या दारी गेलो. त्यांनी पाने घेतली, चहा झाला. गाडीचा विषय कोणीच काढला नाही. परत येताना आमच्याच व्हॅनमधून आलो. सूनबाई चालवीत होत्या, आणि शेजारी बसलेल्या वहिनी पापडांचा हिशेब सांगत होत्या.