शिळ्या पोळीचा प्रवास

घोडबंदर रोडवर राहणाऱ्या माणसाने प्रवासवर्णन लिहायला घ्यावे, हा जरा धाडसाचाच प्रकार. प्रवास म्हटला की कोठून तरी निघून कोठे तरी पोहोचणे आले. आणि आमच्या रस्त्यावर निघणे तेवढे आपल्या हातात असते. तरीही गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी आई, सौ., कन्या आणि मी असे चौघेजण मानपाड्याहून घोडबंदरचा किल्ला पाहायला निघालो. त्या प्रवासाची हकीकत सांगण्याजोगी आहे. किल्ल्यासाठी नव्हे, बरोबरच्या डब्यासाठी.

आदल्या रात्री आमच्याकडे डोंबिवलीचे पाहुणे जेवायला यायचे होते. सौ.ने वीस पोळ्या केल्या, भातही चढता लावला. पाहुणे माजिवड्याच्या कोंडीत तासभर बसले आणि तेथूनच माघारी गेले. सकाळी त्या पोळ्या ओल्या कचऱ्याच्या बादलीकडे निघालेल्या पाहून आई पुढे झाली. "अगं, टाकतेस काय? आण इकडे!"

मग काय विचारता! निम्म्या पोळ्या हाताने कुस्करल्या गेल्या. मोहरी तडतडली, कांदा, मिरची, कढीलिंब पडला, वरून ताकाचा हबका बसला. याला आम्ही कुस्करा म्हणतो. कोणी त्याला माणिकपैंजण असे दागिन्यासारखे नाव देतात. उरलेल्या पोळ्यांचा बारीक चुरा गूळ-तुपात मळून लाडू झाले. भात आईने रात्रीच गार करून फ्रिजमध्ये ठेवला होता. खाडीकाठच्या दमट हवेत उघडा राहिलेला भात बाधतो, आणि एकदा बाधला की नुसते गरम करून तो दोष जात नाही. एरवी गार भातासारखा गुणी भात नाही! रात्रभरात त्यातला चिकटपणा जातो, शिते मोकळी होतात. म्हणून तर फोडणीचा भात ताज्या भाताचा कधी साधत नाही. त्यावर भुरभुरायला फराळाच्या डब्यांच्या तळाशी राहिलेला चिवड्याचा चुरा आणि चकलीचे तुकडे होतेच.

गाडी वाघबीळ ओलांडून चालली होती. डावीकडे येऊरचे डोंगर, उजवीकडे इमारतींच्या फटीतून दिसणारी खाडीकडची हिरवळ, आणि डोक्यावर मेट्रोचे खांब. माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला. मी कन्येला सांगू लागलो, "पाहा, आपल्या भाषेत उष्टे वेगळे, खरकटे वेगळे, शिळे वेगळे आणि उरलेले वेगळे. गीतेने सतराव्या अध्यायात शिळे अन्न तामसी लोकांच्या आवडीचे म्हटले आहे खरे. पण द्रौपदीच्या थाळीला चिकटलेल्या भाजीच्या एका पानाने दुर्वास ऋषी शिष्यांसह तृप्त झाले, तेही आपल्याच महाभारतात! शिळ्याला नवे रूप देणे ही मोठी कल्पकता आहे." आई खिडकीबाहेर पाहत होती. काही बोलली नाही.

ओवळ्याला रस्त्याच्या कडेला एक आगरी बाई भाजी घेऊन बसली होती. मेथीच्या शेवटच्या तीन जुड्यांनी माना टाकल्या होत्या. आईने नेमक्या त्याच घेतल्या. "थालीपिठाला कोमेजलेली चालते," ती म्हणाली. बाईने हसून दुजोरा दिला. तिच्या घरी म्हणे कालचे माशाचे कालवण आज जास्त खपते. दोघींची क्षणात गट्टी जमली.

गायमुखच्या चढावर व्हायचे तेच झाले. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, आणि मध्ये आम्ही. अर्धा तास गेला, तेव्हा सौ.ने डबा उघडला. कुस्कऱ्याचा वास दरवळला आणि शेजारच्या टेम्पोचा चालकही मान वळवून पाहू लागला. त्यालाही दोन लाडू दिले. सगळे मन लावून खात असताना कन्येने विचारले, "आजी, तू ते वेगळं काय खातेस?"

आईच्या मांडीवर एक लहानसा डबा होता. त्यात दोन कोरड्या पोळ्या आणि लसणीची चटणी. फोडणी नाही, गूळ नाही.

"माझं असू दे. तुम्ही ते खावा," आई म्हणाली.

"पण शिळंच खायचं, तर सगळ्यांनी सारखं खाऊ या ना!"

आई हसली. मग सावकाश बोलू लागली. ती माणची, साताऱ्याकडची. 1972 च्या दुष्काळात सतरा वर्षांची होती. दिवसभर खडी फोडायची, कामावर सुकडी मिळायची. घरी लाल मिलोची भाकरी. ती दुसऱ्या दिवशी दगडासारखी होई. "ताक असलं तर ताकात भिजवायची, नसलं तर पाण्यात. ताजी भाकरी बाप्यांना आणि पोरांना. शिळी आम्हा बायकांना. सवय लागली ती लागलीच."

माझा हातातला घास हातातच राहिला. लहानपणी आमच्या ताटात कधी शिळे आले, तर ते फोडणी घालून, गूळ लावून, नटून आले. तसेच कोरडे जे उरे, ते कोणाच्या ताटात जाई, हा प्रश्न मला चाळीस वर्षांत पडला नव्हता. आणि थोड्या वेळापूर्वी मीच कल्पकतेवर व्याख्यान दिले होते!

किल्ल्यावर पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती. पोर्तुगीजांचा हा किल्ला 1737 मध्ये मराठ्यांनी घेतला, वगैरे माहिती मी पाठ करून आलो होतो. सांगावीशी वाटली नाही. खाली उल्हासची खाडी संथ पसरली होती. कन्येने आजीच्या डब्यातली एक कोरडी पोळी मोडून तिचे चार तुकडे केले आणि एकेक प्रत्येकाच्या हातावर ठेवला. शेवटचा लाडू तिने आजीच्या तोंडात भरवला.

ठाण्याचा कचरा कित्येक वर्षे दिव्याच्या डम्पिंगवर जाई. त्यात आमच्या घरच्या पोळ्या किती गेल्या असतील, देव जाणे. आता जात नाहीत. शिळी पोळी आमच्याकडे आजही होते, फोडणीही बसते. पण ती चौघांच्या ताटात सारखी वाढायची, असा कन्येचा दंडक आहे.

वाचकहो, यंदा फराळाच्या डब्यांचा तळ दिसू लागला की चुऱ्याचे काय करायचे ते आपल्या घरी ठाऊक असेलच. तो कोणाच्या वाट्याला जातो, तेवढे एकदा पाहून घ्या.