पेटी आधीं, साप मागाहून

अमेरिकेंतील आमचा बारा वर्षांचा नातू साप पाळणार, हें ऐकून घरांतील मंडळींनीं कपाळास हात लावला. आपल्याकडे रानांतला साप पकडून घरीं ठेवणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा ठरतें, आणि तें उचितच आहे. त्याच्या राज्यांत मात्र पैदाशीचा ‘कॉर्न स्नेक’ पाळण्यास मुभा आहे. जात बिनविषारी, स्वभावानें सौम्य.

साप येण्यापूर्वीं काचेची पेटी सिद्ध झाली. एका टोकास सुमारें ३० अंश ऊब, दुसऱ्यास २४. कारण साप ऊब स्वतः निर्माण करीत नाहीं, जागा बदलून मिळवितो. दोहोंकडे लपण्यास आडोसा, पाण्याचें भांडें आणि पक्कें झांकण. अन्न म्हणजे मेलेला उंदीर, दूध नव्हे. पूर्वी गारुडी नागपंचमीस नागाला दूध पाजीत, तेव्हां तो बिचारा मुद्दाम तहानेला ठेवलेला असे.

पूजेला भीति पुरते, पाळण्याला माहिती लागते. कुत्रें शेपूट हालवून मायेची परतफेड करतें. साप फार तर आपला हात सहन करील. आणि हा प्राणी पंधरा-वीस वर्षें जगतो. म्हणजे नातू पोटापाण्यास लागला तरी पेटी त्याच्याबरोबर हिंडणार! परतफेडीची आशा न धरतां दुसऱ्याची गरज त्याच्या बाजूनें जाणून घ्यावी, असें आम्ही शिक्षक वर्गांत नुसत्या शब्दांनीं सांगत आलों. रिकामी पेटी तें अधिक चांगलें शिकवते, असें आम्हांस वाटतें.