गारेगार

बेंगळूरुत राहणाऱ्या माणसाला आपल्या गावच्या हवेचा मोठा अभिमान असतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० फूट उंचीवर वसलेले हे शहर. येथे उन्हाळा येतो तो पाहुण्यासारखा, आणि आम्रसरींचे दोन शिडकावे झाले की मुकाट्याने निघून जातो, अशी येथल्या जुन्या रहिवाशांची श्रद्धा आहे. मी लग्न होऊन सोलापूरहून येथे आले, तेव्हा शेजारच्या बाईंनी पहिल्याच भेटीत "आमच्याकडे पंखा लागत नाही हं," असे मला बजावले होते. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या मला ते वाक्य एखाद्या वरदानासारखे वाटले होते.

२०२४ च्या उन्हाळ्याने या श्रद्धेला चांगलाच धक्का दिला. एप्रिलच्या अखेरीस पारा ३८.५ अंश सेल्सिअसवर चढला. अलीकडच्या दशकांत याहून वरचा आकडा आठवायचा तर २०१६ च्या एप्रिलातले ३९.२ अंश आठवावे लागतात. एप्रिल सरत आला तरी आम्रसरींचा पत्ता नव्हता. त्यातच पाण्याची ओढ. पिण्याच्या पाण्याने मोटारी धुणाऱ्यास ५,००० रुपये दंड होईल, असा हुकूम मार्चमध्येच निघाला होता. आमच्या इमारतीची कूपनलिका आटली आणि टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसणे हा आमचा नित्यक्रम झाला. शेजारच्या बाईंच्या घरी आता दोन पंखे फिरत होते; पण त्या जुन्या वाक्याची आठवण मी त्यांना करून दिली नाही.

अशा दिवसांत माझी आई सोलापूरहून आमच्याकडे राहायला आली होती, आणि अशाच एका दुपारी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सायकल येऊन उभी राहिली. मागे पेटी, पेटीत रंगीत बर्फाच्या कांड्या. माझा आठ वर्षांचा मुलगा धावत वर आला. "आई, ऐस-कँडी! सगळे घेताहेत!" मी हातातले काम न सोडताच म्हणाले, "मुळीच नाही. त्या बर्फाचं पाणी कुठलं असतं, कोण जाणे!"

वाक्य तोंडातून गेले आणि मी चपापले. ते माझे नव्हतेच. शब्द आईचे, चढ आईचा, शेवटच्या 'कोण जाणे'वरचा जोरही आईचा. मी हळूच तिच्याकडे पाहिले. ती खिडकीशी निवडत बसलेली भाजी तशीच हातात धरून खालच्या सायकलीकडे बघत होती.

आमच्या लहानपणी या वस्तूचे नाव 'गारेगार' असे होते. विकणारा तोच शब्द लांबवत ओरडत यायचा, आणि दुपारच्या झोपेचे सोंग घेतलेली सगळी आळी एकदम जागी व्हायची. लाकडी पेटीचे झाकण उघडले की आतून धूर निघे. तो धूर थंड असतो, याचेच आम्हांला केवढे नवल वाटायचे! कांडी ओठांत धरून जोराने ओढली की सारा रंग आणि सारी गोडी तोंडात येई, आणि हातात राहे तो पांढराफटक, बेचव बर्फ. हे असे का होते, ते मला पुष्कळ पुढे कळले. पाणी गोठताना आपले स्फटिक शुद्ध पाण्याचेच बांधीत जाते. साखर, रंग, स्वाद यांना ते बाजूला सारते. स्फटिकांच्या फटींत साठलेला तो पाक आपण ओढून घेतो आणि पाणी तेवढे मागे राहते.

हे सुख आम्हांला फार दिवस लाभले नाही. मी आठ वर्षांची आणि माझा धाकटा भाऊ सहा वर्षांचा असताना एका उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे झाले, अन्नावरची वासना गेली. दीड महिना तो अंथरुणाला खिळून होता. डॉक्टर म्हणाले, दूषित पाण्यातून झालेली आहे. त्या दिवसापासून गारेगार हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारला नाही. भाऊ बरा झाला, मोठा झाला, आज पुण्यात सुखाने नांदतो आहे. पण आईचा नियम तसाच राहिला. लग्नकार्यातसुद्धा तिने कधी बर्फ घातलेल्या सरबताला हात लावला नाही.

ही भीती अगदीच अनाठायी होती असे म्हणवत नाही. मासळी, माल किंवा यंत्रे थंड ठेवण्यासाठी केलेला बर्फ पिण्यायोग्य पाण्याचा असतोच असे नाही, आणि दिसायला दोन्ही बर्फ सारखेच. म्हणून तर २०१८ साली महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने न खाण्याच्या बर्फात निळा रंग मिसळण्याचा नियम केला. गोठल्याने पाणी शुद्ध होते, असा एक समज आहे, तोही खोटा. काविळीचे विषाणू थंडीला भीत नाहीत. ते उकळण्याला भितात.

पण 'नाही' म्हणून मुलाचे तोंड बंद करता येते, त्याची तहान भागवता येत नाही. त्याचा उतरलेला चेहरा पाहून मी म्हणाले, "आपण घरीच करू." त्याने अविश्वासाने विचारले, "घरी होते?" तेव्हा मी त्याला फ्रँक एपर्सनची गोष्ट सांगितली. १९०५ साली अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, अकरा वर्षांच्या या मुलाने पाण्यात सरबताची पूड कालवली आणि तो पेला काडीसकट ओसरीवर विसरून तो झोपी गेला. रात्री कडाक्याची थंडी पडली. सकाळी पाहतो तो काडीला सरबत चिकटलेले! मोठेपणी, १९२४ साली, त्याने या वस्तूचे पेटंट मिळवले, अशी हकिकत सांगतात. विसरभोळेपणातूनही शोध लागतात हे ऐकून माझ्या चिरंजीवांना फारच धीर आला.

आमचा पहिला प्रयोग कलिंगडाचा. कन्नडमध्ये कलिंगडाला 'कल्लंगडी' म्हणतात. दोन भाषांनी एकच फळ कापून वाटून घ्यावे तसे हे दोन शब्द मला नेहमी वाटतात. फोडींचा रस काढला, गाळला, स्टीलच्या लहान पेल्यांत ओतला आणि काड्या उभ्या केल्या. सकाळी त्या काड्या चारही दिशांना कलंडलेल्या होत्या, आणि रसाचे असे दगड झाले होते की दातांपेक्षा वरवंटाच बरा. शिवाय चव फिकी. चूक माझीच होती. कलिंगडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच. ते दुसरे काय होणार? साखर अधिक असली की सारे पाणी एकदम गोठत नाही आणि कांडी मऊ राहते. फारच अधिक झाली तर मात्र गोठतच नाही. जीभ गारठली की गोडी कमी कळते, म्हणून रस एरवीपेक्षा अंमळ गोडच असावा लागतो.

आई हे सारे दुरून पाहत होती. दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन म्हणाली, "आंब्याचं कर. गर असला म्हणजे दगड होत नाही. पण पाणी मी उकळीन."

आमच्या जवळ हॉपकॉम्सचे दुकान आहे. १९५९ साली डॉ. मरीगौडा यांच्या पुढाकाराने येथल्या द्राक्षबागाईतदारांची सहकारी संस्था निघाली, तीच पुढे वाढून सर्व फळे-भाज्यांची झाली. तेथे रसपुरी आंबा नुकताच आला होता. आपल्या हापूसला येथे 'बदामी' म्हणतात आणि त्याचा मान मोठा. पण रसासाठी येथले लोक रसपुरीचेच नाव घेतात. नावातच रस आहे.

तीन आंब्यांचा दोन वाट्या रस निघाला. त्यात अर्धी वाटी पाणी, चार चमचे साखर, अर्ध्या लिंबाचा रस आणि मिठाची चिमूट. आईने पाणी चांगले खळखळ उकळले, झाकून निववले आणि मग मोजून दिले. या खेपेस काड्या लगेच खोचल्या नाहीत. तासाभराने रस सायीसारखा दाटला, तेव्हा त्या सरळ उभ्या राहिल्या. फ्रिजचे दार बंद करताना आई म्हणाली, "आमच्या वेळी लाकडी बादलीत बर्फ आणि खडेमीठ भरून मधल्या डब्यात आइस्क्रीम फिरवायचे. हात भरून येत." मीठ बर्फाला वितळवते, आणि वितळताना तो भोवतीची उष्णता ओढून घेतो, पाण्याच्या गोठणबिंदूच्याही खाली थंडी उतरते. अकबराच्या मुदपाकखान्यात सोऱ्याच्या पाण्यात भांडी फिरवून पिण्याचे पाणी थंड करीत, असे वर्णन 'आईन-इ-अकबरी'त आहे. आमच्या फ्रिजमध्ये उणे अठरा अंश असतात. पण वाट मात्र आम्हांलाही पाहावीच लागते.

त्या रात्री उकाड्याने झोप येईना. मी पाणी पिण्यासाठी उठले, तर आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेली. मी शेजारी बसले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग एकदम म्हणाली, "त्याला आठ आणे मीच दिले होते."

मला प्रथम काही उमगेना.

"तुझ्या भावाला. रामनवमी होती. हट्ट करून बसला होता. मला जन्माच्या कीर्तनाला जायचं होतं. म्हटलं, घे बाबा एकदाचं, आणि पदराचं नाणं सोडून दिलं. हनुमान जयंतीला त्याला ताप भरला. कुणाला बोलले नाही मी. तुमच्या बाबांनासुद्धा नाही."

पंचवीसहून अधिक वर्षे जिला मी नुसती कडक समजत आले, ती त्या नियमाआड एक आठ आण्यांचे नाणे लपवून बसली होती.

माझा व्यवसाय भाषांतराचा आहे. काही महिन्यांपूर्वीच मासिकासाठी पाण्यातून पसरणाऱ्या काविळीवरचा एक लेख मी मराठीत आणला होता. त्यातले एक वाक्य नीट बसेना म्हणून मी ते चार वेळा लिहिले होते, त्यामुळे ते पाठच झाले होते. दूषित पाणी पोटात गेल्यापासून आजार दिसू लागेपर्यंत साधारण दोन ते सात आठवडे जातात, पुष्कळदा महिनाभर.

मी म्हटले, "आई, रामनवमी ते हनुमान जयंती, दिवस किती होतात?"

तिने बोटांवर मोजले. "सहा."

"सहा दिवसांत ही कावीळ होत नाही. निदान दोन आठवडे लागतात. ती त्याच्या पोटात आधीच शिरलेली होती. शाळेचा नळ असेल, कुणाच्या लग्नातलं पाणी असेल. तुझे आठ आणे नव्हेत."

तिने पुन्हा बोटांवर मोजले. मग उलट दिशेने, चैत्राच्या मागे फाल्गुनात गेली. होळी, रंगपंचमी, कुठले लग्न, कुठली मुंज, सारे तिला तिथीवार आठवत होते. मी तो लेख काढून तिला दाखवला. तिने चष्मा लावून ते वाक्य वाचले, आणि मला वाटते, माझ्या कोणत्याही वाक्याला इतका सावकाश वाचक आजवर लाभला नसेल.

"असेल," ती शेवटी म्हणाली. "एवढं छापलंय म्हणजे असेल." आणि उठता उठता, "पण पाणी उकळूनच घेत जा हो."

मी हसले. तिच्या मनावरचा सारा भार एका वाक्याने उतरला, असे मी म्हणणार नाही. इतक्या वर्षांची सवय एका रात्रीत मोडत नाही. आणि जी खबरदारी तिने त्या भयापोटी पाळली, ती मुळात योग्यच होती. चूक होती ती एवढीच, की त्या खबरदारीसाठी तिने स्वतःला गुन्हेगार ठरवले होते. घराघरांतून आयांचे कितीतरी कडक नियम असे असतात. आपल्याला त्यांचा जाच तेवढा दिसतो. त्यांच्या तळाशी काय आहे ते विचारायचे राहून जाते.

सकाळी पेले क्षणभर पाण्यात बुडवून फिरवले, तशा पिवळ्याजर्द कांड्या अलगद सुटून आल्या. ते पाणी मुलाने न सांगता कढीलिंबाच्या कुंडीत ओतले; त्या उन्हाळ्याने त्याला तेवढे शिकवले होते. आईने कांडी हातात घेतली, थोडा वेळ नुसती पाहिली, मग जपून कडेचा तुकडा तोडला. "दातांना लागतं गं," असे म्हणत तिने ती शेवटपर्यंत खाल्ली.

मुलगा म्हणाला, "आजी, ऐस-कँडी छान झालीय ना?"

"ऐस-कँडी कसली! गारेगार म्हण."

"गा-रे-गार," तो म्हणाला, आणि दार उघडून जिन्यात जाऊन त्याने तो शब्द असा काही लांबवला की वरच्या आणि खालच्या मजल्यांवरची मुले गोळा झाली. कुणाची भाषा कन्नड, कुणाची तमिळ, कुणाची तेलुगू. पण या शब्दाचा अर्थ त्यांतल्या एकानेही विचारला नाही. आमच्याजवळ उरल्या होत्या दोन कांड्या, आणि दारात मुले होती पाच.

आई केव्हाच उठून स्वयंपाकघरात गेली होती. पातेल्यात पाणी ओतल्याचा आणि शेगडी पेटल्याचा आवाज मला ऐकू आला.