पोकळ अक्षरांची शिरोरेषा

पोकळ अक्षरांचा पहिला फॉन्ट काढला, तेव्हा मी त्यात 'कमळ' हा शब्द टाइप करून पाहिला. पडद्यावर तीन खोल्यांची चाळ उभी राहिली! प्रत्येक अक्षराची कडा मी चारी बाजूंनी इमानाने बंद केली होती, म्हणून दर सांध्यावर शिरोरेषेत एक उभी भिंत.

रोमन अक्षर सुटं असतं, त्याला ही अडचण नाही. १९२७ मध्ये जर्मनीत पाउल रेनरचा 'फ्युचुरा' आणि रुडॉल्फ कॉखचा 'काबेल' आले, ते वर्तुळ आणि सरळ रेघ यांवर बेतलेले. कॉखने पुढे काबेलच्याच सांगाड्यावर 'प्रिझ्मा' काढला, त्यात एका जाड रेघेच्या जागी समांतर बारीक रेघा आहेत. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी लान्स वायमनने समांतर रेघांचं जे बोधचिन्ह केलं, त्यात रेघा शब्दभर वाहतात. पण ते एकच चिन्ह, ते हाताने जुळवता येतं. फॉन्टमध्ये कोण कुठला शब्द टाइप करील, सांगता येत नाही.

मग मी शिरोरेषेची दोन्ही टोकं उघडी ठेवली. अक्षरं जोडताच पोकळी सलग झाली, पण शब्दाची सुरुवात आणि शेवट उघडे पडले. शेवटी प्रत्येक अक्षराची चार रूपं केली: सुरुवातीचं, मधलं, शेवटचं आणि एकटं. शेजारी कोण आहे ते पाहून फॉन्टच रूप निवडतो. अरबी लिपीत हे रोजचंच आहे. आपल्याकडे पेच वाढवतात थ, ध आणि भ. त्यांची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते, म्हणून 'लाभ'मध्ये 'ला'ची पोकळी शब्द संपण्याआधीच बंद करावी लागते.

दुसरा पेच मापाचा. हजार एककांच्या चौकटीत मी अक्षराची जाडी १४० ठेवली आणि कडेची रेघ २२. आत उरली ९६ची पोकळी. 'ष'च्या पोटातली जागाही तेवढीच झाली, तर अक्षराचं आत कुठलं आणि बाहेर कुठलं, हे डोळ्याला कळेनासं होतं. म्हणून पोट मोठं हवं. भूमितीवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. आडवी रेघ उभीएवढीच जाड काढली, तर ती जास्त जाड दिसते. तिला किंचित बारीक करावं, तेव्हा ती सारखी वाटते.

असा फॉन्ट दोन-तीन शब्दांचा. मथळ्याला, नाटकाच्या पाटीला, मुखपृष्ठाला शोभतो. परिच्छेदात वापरला तर वाचणाऱ्याचे हाल. खाली भरीव अक्षरांचा वेगळा रंग दिला, तर लांबूनही वाचता येतो.

यंदा मंडळाच्या फलकासाठी पोकळ अक्षरं निवडणार असाल, तर आधी 'शुभ लाभ' टाइप करा आणि फक्त शिरोरेषा पाहा. सांध्यावर भिंत दिसली, तर तो फॉन्ट घेऊ नका.